मृत समुद्राच्या गुंडाळ्या: पोथ्यांच्या घरांनी बघाव्यात अशा दोन वेबसाइट

घरात हस्तलिखित पोथ्या असलेली कुटुंबं आमच्या अंत्रुजात, म्हणजे गोव्यातल्या फोंडा भागात, अजून बरीच आहेत. त्यांच्यासाठी मुद्दाम हे लिहिते आहे. दोन वेबसाइट आहेत. एक जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियमची, २०११ साली गूगलच्या मदतीने सुरू झालेली. तिच्यावर मृत समुद्राकाठी सापडलेल्या पाच मोठ्या गुंडाळ्या बघता येतात. दुसरी इस्रायलच्या पुरातत्त्व खात्याची, लिऑन लेव्ही यांच्या नावाची, २०१२ची. तिच्यावर हजारो तुकड्यांचे फोटो आहेत. दोन्हींना पैसे पडत नाहीत. मी निवृत्त मराठी शिक्षिका. सासरे पुराण सांगायचे, त्यामुळे बोरूने लिहिलेली पानं उलटायची, उन्हं दाखवायची, रुमालात बांधून ठेवायची सवय हाताला आहे. हिब्रूचं एक अक्षर मला वाचता येत नाही, आणि तरीही या गुंडाळ्यांपुढे माझ्या कितीतरी दुपारी गेल्या.

ज्यांना ही हकिगत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९४७च्या सुमारास मृत समुद्राकाठच्या कुमरानजवळच्या एका गुहेत बेदुईन (भटक्या अरब) मेंढपाळांना मातीची उंच भांडी सापडली आणि त्यांत कातड्याच्या गुंडाळ्या निघाल्या. पुढे १९५६पर्यंत एकूण ११ गुहांतून नऊशेहून जास्त ग्रंथांचे अवशेष हाती आले. बहुतेकांचे नुसते तुकडेच. पहिल्या सात गुंडाळ्यांपैकी चार तर फिरत फिरत अमेरिकेला पोचल्या आणि १ जून १९५४च्या ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये किरकोळ विक्रीच्या रकान्यात त्यांची जाहिरात आली. अडीच लाख डॉलरना त्या इस्रायलने घेतल्या. एस्तेरचं पुस्तक सोडलं, तर हिब्रू बायबलमधल्या, म्हणजे यहुद्यांच्या पवित्र ग्रंथातल्या, प्रत्येक पुस्तकाचा काही ना काही अंश या गुहांत मिळाला आहे.

पहिल्या वेबसाइटवर बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाची गुंडाळी उघडा. १७ कातडी एकाला एक शिवून केलेली, ७ मीटर ३४ सेंटिमीटर लांब, ५४ स्तंभांत सगळे ६६ अध्याय. इसवी सनापूर्वी सव्वाशे वर्षांच्या आसपासची. मजकूर उजवीकडून डावीकडे जातो, त्यामुळे सुरुवात उजव्या टोकाला असते. एवढं लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही. हवं ते वचन निवडलं की त्याचं इंग्रजी समोर येतं. फोटो मोठा करत जा, शिवणीचे टाके दिसतात, कातड्यावर टोकदार हत्याराने ओढलेल्या रेघा दिसतात, आणि अक्षरं त्या रेघांना वरून लटकलेली दिसतात, आपल्या देवनागरीसारखी. आपले लेखनिक दोरे ताणलेल्या पाटीवर कागद दाबून ओळी उमटवत. आमच्या पोथीवर तिरपा उजेड पडला की त्या अजून दिसतात.

मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते तेहतिसाव्या स्तंभाने. चाळिसावा अध्याय, सातवं-आठवं वचन. गवत सुकतं, फूल कोमेजतं, देवाचं वचन मात्र कायम राहतं, असा तिथला मजकूर. ‘गवत सुकतं, फूल कोमेजतं’ हे शब्द प्रचलित मजकुरात थोड्या अंतराने दोनदा येतात, पण या गुंडाळीच्या मूळ लेखनिकाच्या प्रतीत ते एकदाच आहेत. मधला भाग नाहीच. नंतर दुसऱ्या कुणीतरी वेगळ्या हाताने तो ओळींच्या मधल्या जागेत भरला, तिथे मावेना म्हणून डाव्या समासात उभा खाली उतरवला. देवाचं चार अक्षरी नाव यायला हवं तिथे नुसते चार ठिपके दिलेत. ते नाव सहज लिहायचं-उच्चारायचं नाही, हा यहुदी परंपरेतला आदर. याच वेबसाइटवरच्या, हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकावरच्या टीकेच्या गुंडाळीत तेच नाव मुद्दाम जुन्या वळणाच्या लिपीत लिहिलेलं दिसेल.

पोथी नकलणाऱ्याला हे लगेच ओळखता येतं. दोन ओव्या एकाच शब्दाने सुरू झाल्या की डोळा पहिलीवरून दुसरीवर उडी मारतो. आमच्या घरच्या हरिविजयात अशा ठिकाणी काकपद (सुटलेल्या जागेची खूण) काढून राहिलेली ओवी समासात लिहिली आहे, आणि चुकीच्या अक्षरांवर पिवळी हरताळ (चूक झाकायचा रंग) लावलेली आहे. पण यशयाच्या बाबतीत गोष्ट इतक्यावर थांबत नाही. जुन्या ग्रीक भाषांतरातही हा मधला भाग नाही. म्हणजे या लेखनिकाकडून तो सुटला, की त्याच्यापुढची प्रतच आखूड होती, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. दोन्ही बाजूंनी बोलता येतं, आणि ज्या जागेवरून वाद चालला आहे ती जागा आपण फोंड्यात बसून स्वतःच्या डोळ्यांनी बघू शकतो.

ही गुंडाळी मी आमच्या शाळेतल्या एका सहशिक्षकांना दाखवली. ते जुन्या गोव्याचे, रोमी (रोमन लिपीतल्या) कोंकणीतलं बायबल ऐकत वाढलेले. पडद्यावर चाळिसावा अध्याय आला तसे ते उठून उभे राहिले आणि ‘बाय, हें आमी इगर्जेंत आयकतात’ (हे आम्ही चर्चमध्ये ऐकतो) म्हणून कोंकणीतून पुढची वचनं म्हणू लागले. त्या दिवशी चहा तसाच निवला.

या शोधाचं मोल मला आपल्याकडच्या दोन गोष्टींवरून नीट समजलं. १९४७पूर्वी हिब्रू बायबलच्या ज्या मोठ्या जुन्या प्रती हातात होत्या त्या दहाव्या-अकराव्या शतकातल्या. यशयाची गुंडाळी एकदम हजार वर्षं मागे घेऊन गेली. ताडून पाहता मजकूर बराचसा तोच निघाला, हे लेखनिकांच्या पिढ्यांचं केवढं मोठं काम! फरकही हजारो आहेत, बहुतेक शुद्धलेखनाचे, काही अर्थाला भिडणारे. बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचे तर लांब आणि आखूड असे दोन्ही पाठ कुमरानच्या एकाच गुहेत मिळाले. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढेही पाठभेदांचाच प्रश्न होता, आणि यापुढे कुणी यात ओवी घालील तर त्याने अमृताच्या ताटात नरोटी (करवंटी) ठेवली असं त्यांनी बजावून ठेवलं. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी १,२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली. काम १९१९ ते १९६६ चाललं. पवित्र ग्रंथाचे पाठ तपासल्याने त्याचा अनादर होतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी या कामांकडे बघावं. श्रद्धा नसलेला माणूस एवढी वर्षं एका ग्रंथापाशी बसत नाही.

आता दुसरी वेबसाइट. ती वाचायची कमी आणि शिकायची जास्त. चौथ्या गुहेतले तुकडे १९५०च्या दशकात अभ्यासकांनी जोडले तेव्हा सर्रास सेलोटेप वापरली आणि काचांच्या मध्ये ते दाबून ठेवले. टेपचा डिंक कातड्यात उतरला, कडा काळ्या पडल्या. १९९१मध्ये खास प्रयोगशाळा उभी राहिली आणि तिथे ती टेप हळूहळू काढण्याचं काम चालत आलं आहे. आमच्या पोथीच्या काही पानांनाही आधीच्या कुणीतरी टेप लावलेली आहे, आणि तिथला कागद असाच तपकिरी होऊन तुटतो. पोथी असलेल्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे, की फाटलेल्या पानाला टेप, फेविकॉल काही लावू नका. दोन कोऱ्या कागदांत सपाट ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

याच वेबसाइटवर एकाच तुकड्याचे वेगवेगळ्या प्रकाशातले फोटो आहेत. साध्या प्रकाशात तुकडा जळक्या पानासारखा काळाकुट्ट, आणि अवरक्त (इन्फ्रारेड, डोळ्यांना न दिसणाऱ्या) किरणांच्या फोटोत त्याच्यावर स्वच्छ अक्षरं. कातडं काळवंडलं तरी काजळीची शाई ते किरण शोषून घेते, म्हणून ती वेगळी उठून दिसते. शेजारी १९५०च्या दशकातले जुने फोटोही ठेवलेत, त्यामुळे मधल्या वर्षांत कडेचं काय काय झडलं तेही कळतं.

मराठी दोन्हीकडे नाही. यशया वाचताना मी मराठी बायबल शेजारी ठेवते. तुकड्यांच्या वेबसाइटवर भाषांतराची अपेक्षा न ठेवता जावं.

मृत समुद्राकाठची कोरडी हवा गोव्याला नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस, वर वाळवी आणि कसर. शिवाय आपलं पुष्कळसं बाहेर गेलेलं आहे. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण (येशूची कथा सांगणारं मराठी ओवीबद्ध काव्य) १६१६ साली गोव्यातल्या राचोलला छापलं, नंतर आणखी दोनदा. त्या तिन्हींची एकही छापील प्रत आज हाती नाही, ग्रंथ टिकला तो हाताने केलेल्या नकलांवर, आणि त्याची देवनागरी प्रत सापडली ती लंडनमध्ये. गोव्यातल्या रामायण-महाभारताच्या सोळाव्या शतकातल्या कथा रोमी लिपीत पोर्तुगालच्या ब्रागा शहरात आहेत. त्यांची पानंही अशीच बोटाने मोठी करून आपल्या घरी बघायला मिळावीत, असं मला फार मनापासून वाटतं.

मोबाइलवर बघू नका, मोठा पडदा घ्या. आधी यशयाचा चाळिसावा अध्याय, मग हबक्कूकमधलं देवाचं नाव, मग दुसऱ्या वेबसाइटवर एखादा काळा तुकडा, असा क्रम ठेवा. नातवंडांना शेजारी बसवा. अवरक्त फोटो त्यांना फार आवडतो.