नेमबाजीचा एकभिंगी चष्मा: फ्रेम चांगली, पण आधी नंबर

चष्मा असलेल्या नेमबाजाला रोजचा चष्मा रेंजवर पुरत नाही. लक्ष्याचे काळे वर्तुळ रेखीव दिसते, पण नळीच्या टोकावरच्या ज्या फ्रंट साइटवर सारा नेम अवलंबून असतो, तिची वरची कड पुसट राहते आणि चाळिशी लागलेल्या डोळ्याला तर ती काही केल्या धारदार दिसत नाही. यावरचा उपाय म्हणून नेमबाजीचा खास चष्मा मिळतो. त्यात धातूची हलकी पट्टी, नाकावर टेकणारे पॅड आणि नेमाच्या डोळ्यापुढे एकच गोल भिंग असते. हे भिंग वर-खाली व डावी-उजवीकडे सरकते आणि हवे तसे कलतेही. जर्मनीची नोब्लॉख ही या प्रकारातील परिचित कंपनी असून तिच्या फ्रेममध्ये 23 किंवा 37 मिलिमीटर व्यासाचे भिंग बसते. हे परीक्षण एका विशिष्ट मॉडेलचे नसून या रचनेचे आहे, कारण निरनिराळ्या फ्रेममधील फरक प्रामुख्याने स्क्रू, सांधे आणि वजनाचे असतात, तर उपयोग ठरतो तो भिंगावर.

2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 10 मीटर एअर पिस्तूल प्रकारात रौप्यपदक मिळवणाऱ्या दक्षिण कोरियाच्या किम ये-जी यांची असा चष्मा लावलेली छायाचित्रे जगभर पाहिली गेली. त्याच स्पर्धेत तुर्कस्तानचे युसुफ डिकेच यांनी साधा चष्मा लावून, दोन्ही डोळे उघडे ठेवून मिश्र सांघिक रौप्य मिळवले. त्यावरून हे साधन निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष अनेकांनी काढला, तो मला मान्य नाही. त्या उदाहरणातून एवढेच कळते की ज्याचा डोळा, नंबर आणि उभे राहण्याची ढब एकमेकांशी जुळलेली आहे, त्याला फ्रेमची गरज कमी भासते. ज्याचे हे जुळत नाही, त्याच्यासाठी ही फ्रेम खरोखर कामाची आहे.

तिचा पहिला गुण म्हणजे भिंगाचा मध्य नेमक्या नजरेच्या रेषेत आणता येतो. पिस्तूल धरताना शरीर लक्ष्याकडे आडवे असते आणि मान वळलेली असते, त्यामुळे रोजच्या चष्म्यात डोळा भिंगाच्या मध्यातून न पाहता बाजूच्या कडेतून पाहतो. उणे 4 नंबरच्या भिंगाच्या मध्यापासून 10 मिलिमीटर बाजूने पाहिले, तर 4 प्रिझम डायॉप्टर इतका प्रिझमचा परिणाम होतो, म्हणजे 10 मीटरवरचे दृश्य सुमारे 40 सेंटिमीटर सरकल्यासारखे दिसते. साइट आणि लक्ष्य दोन्ही सारखीच सरकत असल्यामुळे केवळ त्याने नेम चुकत नाही. मात्र भिंगातून तिरपे पाहिल्यामुळे कडा फुटतात, कधी त्यांना रंगीत झालर येते आणि मागच्या साइटच्या खाचेत फ्रंट साइटच्या दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या पांढऱ्या फटी सारख्या आहेत की नाहीत हे ठरवताना डोळा शिणतो. भिंग सरकवून आणि कलवून नजरेला काटकोनात आणले की त्या फटींच्या कडा पुन्हा सरळ व स्वच्छ दिसतात. माझ्या मते फ्रेम घेण्याचे हे एकच कारण पुरेसे आहे. पडून रायफल चालवणाऱ्यांना तर त्याची अधिक गरज असते, कारण त्यांची नजर साध्या चष्म्याच्या अगदी वरच्या काठातून जाते.

पण फ्रेम ही फक्त भिंग धरते. भिंगात नंबर कोणता घालायचा, याचा विचार बहुतेक खरेदीदार सर्वांत शेवटी करतात आणि तिथेच पैसे वाया जातात. नेत्रतपासणीत लांबचा नंबर सहसा 6 मीटरच्या तक्त्यावर आणि जवळचा नंबर वाचनाच्या अंतरावर, म्हणजे सुमारे 40 सेंटिमीटरवर पाहिला जातो. पिस्तुलाची फ्रंट साइट या दोहोंच्या मध्ये, डोळ्यापासून साधारण 90 सेंटिमीटरवर असते. तिच्यावर पूर्ण फोकस करायचा तर लांबच्या नंबरात सुमारे अधिक 1.10 डायॉप्टरची (डायॉप्टर म्हणजे भिंगाच्या नंबरचे एकक) भर घालावी लागेल, पण मग 10 मीटरवरचे काळे वर्तुळ फारच विरघळते. त्या वर्तुळासाठी केवळ 0.10 डायॉप्टर लागतो. दोहोंचा मध्य 0.60 च्या आसपास येतो, म्हणूनच अधिक 0.50 किंवा अधिक 0.75 ही भर बहुतेकांना मानवते. उणे 2.50 लांबचा नंबर असलेल्याचे नेमबाजीचे भिंग त्यामुळे उणे 2.00 किंवा उणे 1.75 होईल आणि लांबचा नंबर शून्य असलेल्या पन्नाशीच्या नेमबाजाला नुसते अधिक 0.50 किंवा 0.75 चे भिंग पुरेल. पिस्तुलात मी थोड्या जास्त भरीच्या बाजूने आहे, कारण तिथे साइट स्वच्छ आणि लक्ष्य किंचित धूसर असणे हेच हिताचे असते. तरुण डोळा आपल्या स्नायूंच्या जोरावर हे अंतर भरून काढतो खरा, पण 75 मिनिटांत 60 गोळ्या झाडायच्या सामन्यात ते श्रम उत्तरार्धात जाणवतात, म्हणून ही भर केवळ वयस्करांसाठी आहे असे समजू नये.

हे सगळे मोजून घेण्यासाठी शस्त्र तपासणीच्या खोलीत नेण्याची गरज नाही. नेहमीच्या ढबीत उभे राहून डोळ्यापासून फ्रंट साइटपर्यंतचे अंतर दुसऱ्याकडून मोजून घ्यावे आणि पांढऱ्या कार्डावर साइटच्या रुंदीची काळी पट्टी चिकटवून ते कार्ड सोबत न्यावे. ट्रायल फ्रेम, म्हणजे भिंगे बदलून पाहायची तपासणीची फ्रेम लावून, मान रोजच्यासारखी वळवून, त्या अंतरावरचे कार्ड आणि दूरचा तक्ता आलटून पालटून पाहिले की पाव पाव डायॉप्टरचा फरकही ओळखू येतो. हे समजावून सांगितल्यावर ज्याची असे तपासून देण्याची तयारी आहे, अशाच तपासनीसाकडे जावे. प्रोग्रेसिव्ह, म्हणजे वरून खाली नंबर बदलत जाणारे भिंग मात्र या कामाला घेऊ नये. हनुवटी जराशी खाली-वर झाली की त्याची शक्ती बदलते.

सिलिंडर नंबर, म्हणजे ठरावीक दिशेतच लागू होणारा नंबर असणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यायला हवी. गोल कडीत गोल भिंग फिरू शकते, हा या रचनेतला मला सर्वांत खटकणारा दोष आहे. स्क्रू आवळताना भिंग नकळत थोडे वळते आणि सिलिंडरचा अ‍ॅक्सिस, म्हणजे त्याची दिशा, 10 अंशांनी चुकला तरी त्या नंबराचा जवळपास तिसरा हिस्सा दुरुस्त होत नाही. 30 अंशांनी चुकला, तर दुरुस्तीचा उपयोगच उरत नाही. म्हणून भिंग बसवतानाच भिंगावर आणि कडीवर समोरासमोर बारीक खूण करून घ्यावी आणि प्रत्येक सत्राआधी ती जुळते का ते पाहावे. रायफल चालवताना डोके रायफलीच्या गालपट्टीवर (गाल टेकवायच्या भागावर) कलते, त्यामुळे तिथे अ‍ॅक्सिस त्या कललेल्या स्थितीतच ठरवणे योग्य. कॉन्टॅक्ट लेन्स लावून पुढे नुसते अधिकचे भिंग बसवणे हाही मार्ग आहे, पण सिलिंडरची लेन्स पापणी मिटताच किंचित फिरते आणि नजर स्थिर व्हायला क्षणभर थांबावे लागते.

आयरिसबद्दल माझे मत बरेच कडक आहे. भिंगापुढे बसणारा हा छोटा पडदा छिद्र लहान करतो, त्यामुळे साइट आणि लक्ष्य दोन्ही एकदम स्वच्छ दिसू लागतात, आणि म्हणूनच तो चुकीचा नंबरही झाकून टाकतो. प्रकाश कमी झाला की झाकलेली ती उणीव उघडी पडते. शिवाय छिद्र फार लहान केले की प्रकाशाच्या विवर्तनाने कडा पुन्हा मऊ होतात. आधी आयरिसशिवाय भिंग पारखावे, मग आयरिस घ्यावा आणि तो शक्य तितका उघडा ठेवावा. रायफलीच्या मागच्या साइटला छिद्र असतेच, त्यामुळे तिथे चष्म्यावर वेगळा आयरिस लावण्याचे प्रयोजन मला दिसत नाही.

दुसऱ्या डोळ्यापुढच्या ब्लाइंडरसाठी काळ्यापेक्षा दुधी रंगाची पट्टी निवडावी. एका डोळ्यापुढे अंधार झाला की दोन्ही बाहुल्या मोठ्या होतात आणि नेमाच्या डोळ्याची स्पष्टता घटते. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार ही पट्टी 30 मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. नंबरचे भिंग रायफलीच्या मागच्या साइटवर बसवता येते, पिस्तुलावर मात्र बसवता येत नाही. तिथे ते अंगावरच, म्हणजे चष्म्यातच असावे लागते. पिस्तूलधारकांना ही फ्रेम रायफलधारकांपेक्षा जास्त लागते, ती यामुळेच.

बांधणीविषयी थोडक्यात सांगायचे, तर भिंग, आयरिस, रंगीत काचेचा फिल्टर आणि ब्लाइंडर सगळे एकत्र चढवले की पुढचा भार वाढतो आणि घामाने पॅड नाकावरून घसरतात. घसरण अगदी थोडी असली तरी जुळवलेला मध्य हलतो. पॅड रबरी आणि काड्या कानामागे वळणाऱ्या असतील, तर हा त्रास बराच कमी होतो. सरकणाऱ्या भागांवर मोजपट्टीच्या खुणा असलेली फ्रेम मी नेहमी पसंत करेन, कारण पेटीत ठेवून पुन्हा काढल्यावर तीच जुळणी लगेच मिळते.

संरक्षणाच्या बाबतीत मात्र ही रचना अपुरी आहे. लहान गोल भिंगाच्या बाजूंनी डोळा उघडाच राहतो आणि दुसऱ्या डोळ्यापुढे पातळ पट्टीपलीकडे काही नसते. शॉटगनसाठी ती घेऊ नये. तिथे दोन्ही डोळे झाकणारा, पॉलिकार्बोनेटचा, नंबर घातलेला चष्माच हवा. 10 मीटरच्या रेंजवरही शेजारून उडून येणाऱ्या छर्ऱ्याचा विचार करून भिंग काचेऐवजी पॉलिकार्बोनेटचे करून घ्यावे. खर्चाला मर्यादा असेल, तर फिल्टर आणि आयरिस दोन्ही पुढे ढकलून तो पैसा नीट तपासलेल्या, परावर्तनरोधक लेप असलेल्या एका भिंगावर घालावा आणि नंबर बदलला की फ्रेम तीच ठेवून तेवढे भिंग बदलून घ्यावे.