कॉस्मियरमधलं काहीच वाचलं नसेल तरी चालेल, 'ट्रेस ऑफ द एमराल्ड सी' बिनधास्त हातात घ्या

अमेरिकन फँटसी लेखक ब्रँडन सँडरसनचं नाव निघालं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, सुरुवात कुठून करू? आणि प्रश्न बरोबरच आहे, कारण 2005 च्या 'एलांट्रिस'पासून त्याची बरीचशी पुस्तकं कॉस्मियर नावाच्या एकाच विश्वात घडतात, ग्रह वेगळे, जादूचे नियम वेगळे, पण मुळात सगळं एकमेकांत गुंतलेलं. त्यात काही पुस्तकं हजार पानांची, त्यामुळे नवीन माणूस यादी बघूनच गार पडतो. मी त्यातली सात-आठ वाचलीत, माझ्या धाकट्या बहिणीने एकही नाही, आणि आम्ही दोघींनी 'ट्रेस' एकाच आठवड्यात वाचलं, म्हणून हे लिहितेय.

गोष्ट अशी, एका ओसाड खडकाळ बेटावर ट्रेस नावाची मुलगी राहते, खिडक्या पुसायचं काम करते, आणि तिला कप जमवायचा नाद आहे. चार्ली हा तिथल्या ड्यूकचा मुलगा, पण तिच्यासमोर माळी असल्याचं नाटक करतो, तिला ते केव्हाच कळलंय आणि तिला कळलंय हे त्यालाही माहीत असावं असं वाटत राहतं. मग त्याला लग्न जुळवायला बाहेर नेतात, तो ठिकठिकाणाहून तिला कप पाठवतो, आणि एक दिवस कप यायचे बंद होतात. मिडनाइट समुद्रातल्या जादूगारणीने त्याला पकडलंय. ट्रेस त्याला आणायला निघते. एवढंच कथानक सांगते, पुढचं तुमचं तुम्ही वाचा.

आता समुद्राबद्दल, कारण माझ्या मते पुस्तकातली सगळ्यात भारी गोष्ट तीच आहे. या ग्रहाला 12 चंद्र आहेत, आकाशात एका जागी लटकलेले, आणि त्यांच्यावरून सतत स्पोअर्स खाली पडतात, म्हणजे बारीक भुकटीसारखे बीजाणू. समुद्र त्याच भुकटीचे, पाण्याचे नाहीत. हिरवे स्पोअर्स पाण्याला लागले की क्षणात वेली फुटतात, आणि पाणी म्हणजे नुसता पाऊस नाही, घाम, थुंकी, डोळ्यातलं पाणी, काहीही. श्वासाबरोबर चिमूटभर आत गेले तर माणूस आतून फाटतो. म्हणून जहाजावर चांदी लागते, मीठ लागतं, त्याने स्पोअर्स मरतात. लाल समुद्रातले स्पोअर्स भिजले की काटे फुटतात. आणि जहाज भुकटीवर तरंगतं कसं? तर समुद्राच्या तळातून हवा वर येत राहते आणि भुकटी पाण्यासारखी वाहायला लागते, हे मनाचं नाही हं, वाळूतून खालून जोरात हवा सोडली की ती खरोखर द्रवासारखी वागते, फिजिक्समध्ये त्याला फ्लुइडायझेशन म्हणतात. मधेच ती हवा थांबते. मग सगळा समुद्र घट्ट, जहाज जिथल्या तिथे रुतलेलं, आणि ती पुन्हा कधी सुरू होईल ते कुणालाच सांगता येत नाही. तोफेच्या गोळ्यातसुद्धा पाणी भरतात, का ते आता तुम्हीच ओळखा. एवढा एक नियम घेऊन त्याने अख्खं जग उभं केलंय आणि कुठेही लेक्चर दिल्यासारखं वाटत नाही, कारण ट्रेसलाही सगळं नवीन आहे, ती घाबरत घाबरत शिकते आणि तिच्याबरोबर आपण शिकतो.

ट्रेस मला इतकी का आवडली ते एका प्रसंगावरून सांगते. बेट सोडून जायला राजाची मनाई आहे, नाहीतर त्या खडकावर कोण थांबणार, त्यामुळे तिला पळून जावं लागणार. अशा गोष्टीत नायिका रात्री गुपचूप चिठ्ठी ठेवून निघते ना, इथे ती आई-बाबांना बसवून सगळा प्लॅन सांगते आणि विचारते की यात माझं काही चुकतंय का बघा. आणि ते ऐकून घेतात! आपली मुलगी विचार करून बोलते हे त्यांना माहीत आहे, म्हणून रडारड न करता मदतीला लागतात. ते पान मी परत मागे जाऊन वाचलं. पुढे जहाजावरही ती तशीच वागते, आधी थांबते, विचार करते, लोकांना विचारते, मग उडी मारते. तलवारबाजी येत नाही, कुठल्या भविष्यवाणीत नाव नाही, तरी पानोपानी तिची काळजी वाटते.

जहाजावरची मंडळीही छान जमलीत. फोर्ट सगळ्यात आवडला, त्याला ऐकू येत नाही, बोटं जन्मापासून वाकडी, समोरचा बोलला की त्याच्याकडच्या पाटीवर अक्षरं उमटतात आणि तो त्याच पाटीवर उत्तर देतो, आणि घासाघीस करायची त्याला इतकी हौस की फुकट दिलेलं त्याला घ्यायलाच आवडत नाही. बोलणारा उंदीर आहे, नेम न लागणारी सुतारीण आहे. कॅप्टन क्रो भीतीदायक आहे आणि तिची भीती शेवटपर्यंत टिकते.

आता कॉस्मियरचा प्रश्न. ही गोष्ट सांगतो होइड, तोच जो सँडरसनच्या कितीतरी पुस्तकांत कुठे ना कुठे डोकावून जातो. इथे तो जहाजावर केबिन बॉय आहे, शाप लागून अक्कल गहाण पडलेला. मला त्याची अवस्था बघून वाईट वाटत होतं कारण एरवी हा माणूस काय चीज आहे ते मला माहीत होतं, बहिणीला तो नुसता एक वेडा पोरगा वाटला आणि ती मजेत वाचत राहिली. जहाजाचा डॉक्टर उलाम दुसऱ्या ग्रहावरचा, मी पहिल्या भेटीतच ओळखला, तिला विचित्र डॉक्टर एवढंच वाटलं आणि तेवढं पुरलं. म्हणजे धागे आहेत, पण ते पकडले नाहीत म्हणून काही तुटत नाही. फक्त शेवटच्या भागात दुसऱ्या जगातली जादू येते तिथे बहीण जरा अडखळली, हे असं अचानक कुठून आलं म्हणाली. माझंही म्हणणं तेच आहे, तिथे नवीन वाचकासाठी अजून चार ओळी हव्या होत्या.

अजून दोन तक्रारी. होइड बोलायला लागला की थांबत नाही. पहिल्या शंभर पानांत त्याच्या उपमा आवडतात, पण मधे एखादा प्रसंग खरंच काळजाला हात घालत असतो आणि हा मधेच जीवनावर परिच्छेदभर बोलतो, तेव्हा गप्प बस म्हणावंसं वाटतं. आणि चार्ली सुरुवातीला फार कमी भेटतो, ट्रेसला तो एवढा का हवाय हे आपल्याला मुख्यतः त्या कपांवरून समजून घ्यावं लागतं. मला ते पटलं, सगळ्यांना पटेलच असं नाही.

पुस्तकामागची गोष्टही गोड आहे. कोविडच्या काळात सँडरसनने हे कुणाला न सांगता बायकोसाठी लिहिलं, जुन्या परीकथेच्या सिनेमातली मुलगी रडत न बसता स्वतः शोधायला निघाली असती तर, या विचारातून. मग 2022 मध्ये किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून आधीच पैसे जमवायच्या वेबसाइटवर, अशी चार गुपित पुस्तकं जाहीर केली आणि 1 लाख 85 हजारांवर लोकांनी मिळून 4 कोटी 17 लाख डॉलर दिले. 'ट्रेस' त्यातलं पहिलं, 2023 मध्ये आलं. एक सांगून ठेवते, त्याच चारातलं 'द सनलिट मॅन' मात्र नवीन माणसाने आधी उचलू नये, त्याला मागचं वाचलेलं लागतंच. हॉवर्ड लायनची चित्रं बघायची असतील तर छापील प्रत घ्या, आणि ऐकायचं असेल तर मायकल क्रेमरने ऑडिओबुक वाचलंय.

बहिणीने 'ट्रेस' संपवून लगेच सँडरसनच्याच 'मिस्टबॉर्न' मालिकेचा पहिला भाग सुरू केला. त्यात एका ठिकाणी बातम्या विकणारा भिकारी येतो, दोन-तीन पानांपुरता. रात्री साडेबाराला तिचा मेसेज, "ताई, या भिकाऱ्याचं नाव होइड आहे. हा तोच का गं?"