माहीमचा बुधवारचा नोव्हेना: "काम होतं का?" विचारणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

माहीमच्या सेंट मायकल चर्चचा बुधवारचा नोव्हेना, म्हणजे येशूच्या आईकडे, मरियेकडे, नऊ बुधवार करायची प्रार्थना, माझ्याकडून चार स्टार. एक का कापला ते सांगतेच.

आधी जायचं कसं. वसई-विरारवरून येणाऱ्यांनी फास्ट पकडून बांद्र्याला उतरायचं नाहीतर स्लोने थेट माहीम, पण बांद्र्याची रिक्षा पुढे माहीमला येत नाही हे लक्षात ठेवा, बस नाहीतर टॅक्सी, पाय चांगले असतील तर चालत पण होतं. मराठी नोव्हेनाची वेळ आधी बघून या. गर्दी प्रचंड, आणि नुसती आपली ख्रिस्ती माणसं नाहीत हं, मंगळसूत्रवाल्या, बुरख्यातल्या, ऑफिसची बॅग पाठीला लावून आलेली पोरं, सगळी एकाच रांगेत. १९४८ पासून दर बुधवारी हे चालू आहे. बाहेर मरियेला वाहायला मेणाचं घर, मेणाचं बाळ, हात, पाय, ज्याचं जे मागणं तसं मिळतं.

आता एक स्टार. तो चर्चचा नाही कापला, "नऊ बुधवार कर, दहाव्याला काम झालंच समज" असं छातीठोक सांगणाऱ्या आपल्याच मावश्यांचा कापलाय. माझी कॅनडाच्या पीआरची, म्हणजे तिथे कायम राहायच्या परवान्याची, फाईल अडकलेली, नऊ बुधवार कधीच झाले, फाईल जिथल्या तिथे. मग राग येतो ना, की बाबा माझंच का ऐकत नाही.

पण हे नऊ आले कुठून ते बघा की जरा. येशू स्वर्गात गेला तो शिष्यांना सांगून, यरुशलेम सोडू नका, वाट बघा. त्यांनी विचारलं कधी, तर म्हणाला काळवेळ जाणणं तुमचं काम नाही, बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत पहिल्याच अध्यायात आहे. मग ते सगळे आणि मरिया माडीवरच्या खोलीत प्रार्थना करत बसले, पेंटेकॉस्टपर्यंतचे, म्हणजे पवित्र आत्मा त्यांच्यावर उतरला त्या दिवसापर्यंतचे, ते नऊ दिवस. म्हणजे नऊ आहेत हे त्यांना कुठे माहीत होतं, आपण नंतर मोजले! आणि आपण त्याचाच बिलाचा हप्ता करून टाकला, नऊ भरले की माल द्या.

मला सगळ्यात आवडतं ते लोकांनी मरियेला लिहिलेली पत्रं वाचतात ते. विनंतीची वाचतात, आभाराचीही. कुणाला मूल झालं, कुणाची दारू सुटली, आणि काहींत ओळ असते की खूप वर्षं मागत होतो. एका बाईंनी लिहिलेलं, मागितलं ते मिळालं नाही पण आता रात्री झोप लागते, थँक यू मदर. माझ्या शेजारची बाई हे ऐकून हमसून हमसून रडत होती आणि मी कॅनडा विसरले थोडा वेळ, खोटं कशाला बोलू.

चर्चमधली मरिया आणि बाळ येशूची तसबीर जवळून बघायला मिळाली तर बाळ येशूच्या पायातली सुटून लोंबणारी चप्पल नक्की बघा, घाबरून आईकडे पळत आला म्हणून सुटली म्हणतात. दोन देवदूतांच्या हातात क्रूस, भाला वगैरे आहे, त्याच्या पुढच्या मरणाची खूण, ते बघून घाबरला. आईने हात धरलाय पण ते देवदूत काही गेलेले नाहीत, तिथेच आहेत.

तर काम होतं का? माझं अजून नाही. तरी जाते, आणि जाऊन बरं वाटतं म्हणूनच नाही, तिथे वाट बघणारे एवढे सगळे एकत्र दुसरीकडे कुठे भेटत नाहीत. पावसाळ्यात छत्री न्या, पाणी न्या, म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणार असाल तर शक्यतो गर्दी कमी असेल ती वेळ धरा. आणि पत्र लिहिणार असाल तर अक्षर जरा नीट काढा, वाचणाऱ्याचे हाल होतात.