मानेला झटका, की आधी एक्स-रे?

इंदुरात आमच्या रामबागेत मानेचं दुखणं निघालं की कुणीतरी मोबाइलवर कायरोप्रॅक्टर (हातांनी मान-पाठीला झटके देऊन उपचार करणारा) दाखवतंच: 'कट्' आवाज, पेशंट खूश. नुसत्या आखडलेल्या मानेला बरं वाटतंही कधी. पण कवटी-मानेचा सांधाच सैल असेल तर? मान वळवण्याचं जवळपास निम्मं काम वरच्या दोन मणक्यांमध्ये होतं, आणि त्यांना धरून ठेवतात ते अस्थिबंध, म्हणजे हाडं जोडणारे चिवट पट्टे. आमवाताने, एहलर्स-डॅनलॉस या सांधे सैल करणाऱ्या जन्मजात आजाराने किंवा अपघाताने ते ढिले पडले, तर वरून झटका कशाला? मज्जारज्जू तिथेच, मेंदूकडे जाणाऱ्या धमन्याही तिथेच. काही कायरोप्रॅक्टर झटक्याऐवजी हलका दाब देतात; धोका कमी, पण ढिले अस्थिबंध त्याने घट्ट होतात याला भक्कम पुरावा नाही.

दुसरा रस्ता कंटाळवाणा. न्यूरोसर्जन, मान पुढे-मागे वाकवून एक्स-रे, एमआरआय. हात बधिर होत असतील किंवा चालताना तोल जात असेल तर इथूनच सुरुवात. मग झेपेल तेवढी फिजिओथेरपी: उताणं झोपून हनुवटी किंचित आत, खोलवरचे स्नायू हळूहळू कामाला लावायचे. महिने जातात, व्हिडिओ काही होत नाही! तरी मी हाच निवडेन. फारच सैल असेल तर स्क्रू-रॉडने सांधा जखडतात. मान मात्र पूर्वीइतकी वळत नाही.