उपग्रह इंटरनेटच्या जोडीला डायल-अप : अनेक महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

जिथे मोबाइलची रेंज पोहोचत नाही आणि फायबर येण्याची चिन्हे नाहीत, अशा ठिकाणी मी भूस्थिर (पृथ्वीवरून एकाच जागी स्थिर दिसणाऱ्या) उपग्रहावरून येणारे इंटरनेट वापरतो आणि त्याच्या जोडीला जुन्या तांब्याच्या लँडलाइनवर डायल-अपचे, म्हणजे मोडेमने फोन लावून जोडायच्या इंटरनेटचे, खाते मुद्दाम चालू ठेवले आहे. अनेक महिने ही जोडी वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, डायल-अपचा वेग आजच्या कामांना अजिबात पुरत नसला तरी पर्यायी जोडणी म्हणून त्याची किंमत वेगावर ठरत नाही. उपग्रहाची सेवा ज्या कारणांनी बंद पडते, त्यांपैकी बहुतेक कारणांचा टेलिफोनच्या तारेशी काहीही संबंध नसतो, आणि ती तार सांभाळावी असे मला वाटते ते यामुळेच.

उपग्रहाच्या जोडणीत खंड पडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण पाऊस हे आहे. या सेवांसाठी वापरल्या जाणाऱ्या केयू आणि केए बँडच्या (उच्च वारंवारतेच्या दोन पट्ट्यांतील) रेडिओ लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या व विखुरल्या जातात, आणि वारंवारता अधिक असल्यामुळे केए बँडला याचा फटका जास्त बसतो. जोडणी बहुधा एकदम तुटत नाही. सिग्नल क्षीण होऊ लागला की यंत्रणा आधी वेग कमी करून तग धरते आणि तेही पुरेसे झाले नाही म्हणजे संपर्क जातो, त्यामुळे पाने अडखळत उघडू लागली की पुढे काय होणार याचा अंदाज घेता येतो. डोक्यावर पाऊस सुरू होण्यापूर्वीच उपग्रहाच्या दिशेला दाटलेला गडगडाटी ढग पुरेसा ठरतो. याहून गोंधळात टाकणारी बाब म्हणजे, आपल्याकडे आकाश निरभ्र असताना सेवा देणाऱ्याच्या दूरवरच्या भूकेंद्रावर मुसळधार पाऊस पडत असेल, तरीही आपली सेवा खंडित होऊ शकते. अशा वेळी डिश हलली का, केबल सैल झाली का, हे तपासण्यात वेळ घालवण्याआधी डायल-अपने सेवेची स्थिती पाहून घेता येते, आणि याचा मला वारंवार उपयोग झाला आहे. विषुवदिनांच्या आसपास काही दिवस सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो, तेव्हाही रोज काही मिनिटे संपर्क जातो. मात्र त्याची वेळ आधी काढता येत असल्यामुळे तो खंड फारसा त्रासदायक वाटत नाही.

आता डायल-अपच्या बाजूकडे वळतो. व्ही.९० हे १९९८ मधले मोडेमचे मानक सैद्धांतिकदृष्ट्या ५६ केबीपीएस (सेकंदाला ५६ हजार बिट) वेग देते, पण त्यासाठी सेवा देणाऱ्यापासून आपल्या मोडेमपर्यंतच्या मार्गात डिजिटलचे अ‍ॅनालॉगमध्ये रूपांतर एकदाच व्हावे लागते आणि एक्स्चेंजपासूनची तारही चांगल्या स्थितीत असावी लागते. माझा मोडेम कोरड्या दिवसांत ४४,००० बिट प्रतिसेकंदाच्या आसपास जोडला जातो. तारेच्या जोडांत ओल शिरली की तो आकडा बराच खाली येतो. अशा खरखरत्या लाइनवर मोडेमला व्ही.९० वापरू देण्यापेक्षा सुरुवातीच्या आज्ञेतच व्ही.३४ या त्याआधीच्या, कमी वेगाच्या मानकापुरते मर्यादित करणे मला अधिक उपयुक्त वाटले. त्यामुळे कागदावरचा वेग कमी दिसतो, पण मोडेम वेग ठरवण्यासाठी पुन्हा पुन्हा वाटाघाटी करत थांबत नाही आणि जोडणी तासन्‌तास टिकते. आणीबाणीच्या जोडणीकडून मला याच गुणाची अपेक्षा आहे.

४४ केबीपीएसला १ एमबीची फाइल उतरायला ३ मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. आजची अनेक संकेतस्थळांची पाने याहून कितीतरी जड असल्यामुळे नेहमीच्या ब्राउझरने मोकळेपणाने फिरणे शक्य नाही, आणि व्हिडिओचा तर विचारही करू नये. चित्रे बंद केली, जाहिराती आणि स्क्रिप्ट अडवल्या किंवा लिंक्ससारखा केवळ मजकूर दाखवणारा ब्राउझर वापरला, म्हणजे बातम्या, हवामानाचा अंदाज आणि साधी माहिती बऱ्यापैकी मिळते. ईमेल मात्र उत्तम चालतो. आयमॅपवर (पत्रे सर्व्हरवर ठेवूनच वाचण्याच्या पद्धतीत) आधी केवळ शीर्षके उतरवावीत, मोठी जोडपत्रे सर्व्हरवरच राहू द्यावीत, आणि हवे तेच पत्र उघडावे, एवढी शिस्त पाळली की कामाचा पत्रव्यवहार अडत नाही. सर्वांत मोठा अडथळा संकेतस्थळांपेक्षा आपल्याच संगणकाकडून येतो. जोडणी मिळताच कार्यप्रणालीचे अपडेट, क्लाउडवरील फोल्डर आणि विषाणूरोधक प्रणाली एकाच वेळी ती व्यापून टाकतात आणि हवे ते पान मागेच राहते. म्हणून डायल-अपची जोडणी ‘मीटर्ड’ (मर्यादित डेटाची) म्हणून नोंदवणे आणि स्वयंचलित सिंक थांबवणे ही तयारी उपग्रह चालू असतानाच करून ठेवावी.

एका बाबतीत मात्र ही मंद तार उपग्रहापेक्षा सरस ठरते, आणि त्याबद्दल फारसे बोलले जात नाही. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किमी उंचीवर असतो. विनंती वर जाऊन खाली येणे आणि उत्तर त्याच वाटेने परतणे असा प्रवास १,४०,००० किमीहून अधिक होतो, म्हणून प्रकाशाच्या वेगानेही किमान अर्ध्या सेकंदाच्या जवळपास वेळ जातो आणि प्रत्यक्षात ६०० मिलिसेकंदांहून जास्त लागतो. डायल-अपवर हाच विलंब साधारण १०० ते २०० मिलिसेकंद असतो. दूरच्या सर्व्हरवर आज्ञा टाइप करताना हा फरक बोटांना जाणवतो : उपग्रहावर अक्षर उमटण्याची वाट पाहावी लागते, तर डायल-अपवर ते जवळजवळ लगेच दिसते. व्हीपीएन (माहिती सांकेतिक रूपात नेणारी खासगी जोडणी) वापरल्यावर उपग्रह मोडेममधली टीसीपी, म्हणजे इंटरनेटवरील माहितीच्या देवाणघेवाणीची पद्धत, वेगवान करणारी सोय निरुपयोगी होते, कारण आतले पॅकेट तिला दिसतच नाहीत. त्यामुळे सर्व्हर सांभाळण्याचे निव्वळ मजकुराचे काम मी आता हवा स्वच्छ असतानाही कधी कधी डायल-अपवरूनच करतो. सुमारे ५५० किमी उंचीवरच्या, खालच्या कक्षेतील उपग्रहांची सेवा ज्यांच्याकडे आहे, त्यांना हा लाभ दिसणार नाही, कारण त्यांचा विलंब मुळातच कमी असतो. पाऊस आणि वीजपुरवठ्याचे मुद्दे मात्र त्यांनाही लागू होतात.

वीजपुरवठ्याचा मुद्दा तर मला अतिशय महत्त्वाचा वाटतो. एक्स्चेंज टेलिफोनच्या तारेला स्वतःच्या बॅटरीवरून सुमारे ४८ व्होल्टचा पुरवठा करते, त्यामुळे घरची वीज गेली तरी लाइन जिवंत राहते. बाहेरच्या मोडेमला फार थोडी वीज लागते, आणि लॅपटॉपच्या जोडीला तो लहान यूपीएसवर दीर्घकाळ चालतो. डिश, उपग्रह मोडेम आणि राउटर यांचा एकत्रित भार मात्र तोच यूपीएस लवकर संपवतो. तथापि विजा कडाडत असताना मी टेलिफोनची तार मोडेममधून काढून ठेवतो, कारण लांबवरून उघड्यावरून येणाऱ्या तांब्याच्या तारेतून विजेचा झटका आत येण्याचा धोका खरा आहे. केवळ वीजपुरवठ्याच्या बाजूला सर्ज प्रोटेक्टर असून भागत नाही. फोनच्या बाजूलाही तो हवा आणि त्याचे अर्थिंग नीट केलेले हवे.

मोडेम निवडताना सिरीयल पोर्टचा, सर्व प्रक्रिया स्वतः करणारा बाह्य मोडेम घ्यावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. जे मोडेम सिग्नलवरची प्रक्रिया संगणकाच्या ड्रायव्हरकडून करून घेतात, ते नवी कार्यप्रणाली आली की पोरके होतात. कॉल वेटिंग बंद ठेवावे, नाहीतर मध्येच आलेला फोन जोडणी तोडतो. व्हॉइसमेलमुळे डायल टोन तुटक येत असेल, तर एक्स३ ही आज्ञा देऊन मोडेमला टोनची वाट न पाहता डायल करायला सांगता येते. लिनक्सवर पीपीपीची (डायल-अपसाठी वापरल्या जाणाऱ्या पद्धतीची) जोडणी मागणीनुसार आपोआप लावता येते, परंतु मी ती हातानेच लावतो. उपग्रह क्षणभर गेला म्हणून सगळे घर त्या अरुंद वाटेवर ढकलले जावे, हे मला पटत नाही.

हा सल्ला सर्वांसाठी नाही. मोबाइलचा थोडाही भरवशाचा सिग्नल मिळत असेल, तर तो पर्याय अधिक चांगला आहे. लँडलाइन म्हणून मिळालेली सेवा प्रत्यक्षात व्हीओआयपी, म्हणजे इंटरनेटवरून आवाज नेणारी, असेल, तर आवाज आक्रसणारे कोडेक आणि पॅकेटच्या वेळेतील चढउतार मोडेमचा सिग्नल बिघडवतात. आणि ती व्हीओआयपी त्याच उपग्रहावरून येत असेल, तर तिला पर्यायी म्हणण्यात अर्थच उरत नाही. सेवा देणारेही कमी होत चालले आहेत. अमेरिकेत एओएलने आपली डायल-अप सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद केली. म्हणून खाते घेण्यापूर्वी त्याचा क्रमांक आपल्या लाइनवर स्थानिक दराने लागतो का आणि जोडणी निष्क्रिय राहिल्यास किती वेळाने तोडली जाते, हे विचारून घ्यावे.

मी दर महिन्याला एकदा, उपग्रह व्यवस्थित चालू असतानाच, डायल-अप लावून जोडणीचा वेग वहीत टिपून ठेवतो. खाते आणि पासवर्ड अजून चालतात याची त्यातून खात्री होते. शिवाय बोलताना लाइन स्वच्छ वाटत असली, तरी कोरड्या हवेतला आकडा महिन्यागणिक घसरू लागला, की तारेचा एखादा जोड गंजत असल्याची शंका घेऊन दुरुस्तीची तक्रार पावसाच्या आधीच नोंदवता येते.