होळकरी रुपया : झिजलेला घ्यावा की डाखाचा?

इंदूरच्या सराफ्यात जुनी चांदी चाळताना बेताच्या बजेटमध्ये दोनच प्रकार हाती लागतात. एक, हातोहात फिरून गुळगुळीत झालेला मल्हारनगरचा, म्हणजे इंदूरच्या टांकसाळीचा रुपया. दुसरा चांगला ठळक, पण माळेत ओवायला लावलेली कडी काढल्यावर काठाशी डाखाचा, म्हणजे धातू जोडायच्या झाळीचा ठिपका राहिलेला.

मी डाखाचाच उचलतो. हातोड्याने पाडलेल्या या नाण्यांचा ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा असे. त्यामुळे मुघल बादशहा शाह आलमचं नाव, टांकसाळ, साल यांतलं काही ना काही मुळातच कापलं जातं. उरलेलंही झिजलं, तर ओळखायचं कशावरून? मल्हारनगरच्या रुपयाची खूण म्हणजे सूर्यमुख; डाखाच्या नाण्यावर त्या सूर्याचे नाक-डोळे तरी दिसतात, कधी सालाचे आकडेही. डाख नेमका सूर्यमुखावरच असेल तर मात्र सोडून द्या. आणि तो कानशीने घासायच्या फंदात पडूच नका.

झिजलेला घ्यायचाच तर महेश्वर टांकसाळीचा घ्या. त्यावरचं शिवलिंग आणि बेलपत्र पुसट झालं तरी आकारावरून कळतं. नाणं काट्यावर ठेवून, किंमत चांदीच्या भावाच्या आसपासच द्यावी. अस्सल रुपया साधारण 11 ग्रॅमचा. चिंचेने घासून चकचकीत केलेला असेल, तर दोन्हींतला कुठलाच नको.