जपानीची मोजकी वाक्यं, तोक्योत सात-आठ महिने वापरून

ऑफिसच्या कामाने तोक्योला आले तेव्हा कांजी-बिंजीच्या (चिनी वळणाची अक्षरं) नादी लागले नव्हते, ऑडिओ ऐकून पाठ केलेली वीसेक वाक्यं तेवढी बरोबर होती. राहते तोक्योतल्याच निशी-कासाईला, खाली कोन्बिनी म्हणजे छोटं किराणा-खाऊचं दुकान आहे, रोज जाणं होतं, त्यामुळे वापर भरपूर झालाय. सगळ्यात जास्त पैसे वसूल सुमिमासेनचे, म्हणजे माफ करा! वेटरला बोलवायचंय, गर्दीतून पुढे जायचंय, कुणी लिफ्ट थांबवून धरली, सगळीकडे चालतं. सायोनारा मात्र पडूनच आहे, ऑफिसातून निघताना सगळे ओसाकी नि शित्सुरेइ शिमास् (तुमच्या आधी निघतो, माफ करा) म्हणतात आणि मागून ओत्सुकारेसामा देस् (दमलात, छान काम केलंत अशा अर्थाचं) येतं.

उच्चारासाठी माझं म्हणणं, रोमन अक्षरांतून शिकूच नका, देवनागरीत लिहून घ्या. स्पेलिंग बघून लोक देसु, मासु असं ठासून म्हणतात, खरं तर तो शेवटचा उ जवळपास ऐकूच येत नाही. त्सु आपल्याला सोपा, चमच्यातला पहिला च आहेच तोंडात, आणि गोझाइमास् मधला झ झाडातला. अडतं ते लांबीला. बिरु म्हणजे बिल्डिंग, बीरु म्हणजे बियर, इथवर ठीक, पण ओबासान काकू आणि ओबाऽसान आजी, इथे आपला आ एकच असल्याने लिहिताना फरकच दिसत नाही, म्हणून मी लांबवायचं असेल तिथे ऽ टाकते. (पन्नाशीतल्या बाईंना तो ऽ लावून बघा, मग कळेल.)

ऑडिओबद्दल तक्रार एकच, त्यातलं जपानी फार सावकाश आणि साधं आहे. २०२० च्या जुलैपासून प्लॅस्टिक पिशवीला पैसे पडतात म्हणून काउंटरवर पिशवी हवी का हे विचारतात, पण फुकुरो इरिमास् का असं सरळ नाही, फुकुरो वा गोरियोऽ देस् का असं आदराचं आणि भरभर. फुकुरो एवढं कानावर पडलं तरी पुरे, हात जरा हलवून दाइजोऽबु देस् (ठीक आहे) म्हटलं की नको असं समजतात.

शाकाहारी लोकांनी निकु नाशी (मांस नको) वर विसंबू नये, मासे त्यात धरत नाहीत. निकु तो साकाना वा ताबेमासेन (मांस आणि मासे खात नाही) असं पूर्ण सांगा, आणि तरी मिसो सूप समोर आलं तर दाशी, म्हणजे सूपचं मूळ पाणी, कसली आहे ते विचारा, बहुतेक वेळा त्यात कात्सुओबुशी, म्हणजे सुकवलेला मासा असतोच.